लेकींनी उघडा पाडलेला कोंबडा: सोलापुरातल्या पार्ट्रिज सिल्कीचं एक प्रकरण

दाजींनी ऑक्टोबर २०२२मध्ये पार्ट्रिज रंगाच्या सिल्की या कोंबडीच्या जातीचं त्रिकूट आणलं. एक कोंबडा, दोन कोंबड्या. कोंबडा बघायला गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी फाटकाला लोंबकळायची. मानेवर नारिंगी-तांबडी पिसं, त्यांच्या मधून काळी रेघ, छाती कोळशासारखी काळीभोर. कोंबड्यांपैकी एक गडद तपकिरी. दुसरी जरा पिवळट, गळ्याखाली फिकट विटकरी झाक असलेली. विकणाऱ्याने तिघांनाही ‘प्युअर पार्ट्रिज’ म्हटलं होतं आणि दाजींनी एका बऱ्या मोबाइलइतके पैसे मोजले होते.

या कोंबड्याचं खरं रूप कळायला आम्हाला वर्षभराच्या वर लागलं. मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, फळ्यावर मेंडेलचं नऊ-तीन-तीन-एक हे गुणोत्तर हजारदा लिहिलंय, तरी कोंबडा बघताना मीही पोरांच्याच रांगेत उभा होतो.

नक्षी कुठे असते

पार्ट्रिज म्हणजे तित्तिर. नान्नजच्या माळावर माळढोक बघायला जाणाऱ्यांना माळढोक क्वचित दिसतो, तित्तिर मात्र पायात येतात. त्यांच्या अंगावरच्या बारीक नागमोडी रेघा आठवा. पार्ट्रिज कोंबडीचं काम साधारण तसंच, फक्त जास्त शिस्तीचं. प्रत्येक पिसावर, पिसाच्या कडेचा आकार धरून, एकात एक बसवलेल्या काळ्या रेघा. याला पेन्सिलिंग म्हणतात. खाली जमीन तपकिरी.

हे सगळं मादीवर. नराच्या छातीवर शाई सांडल्यासारखा सपाट काळा रंग असतो, रेघ एकही नाही. सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे, पण ती आम्हाला फार उशिरा टोचली.

त्यात सिल्कीचं पीस म्हणजे आणखी एक पडदा. साध्या पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, त्यांनी तंतू एकमेकांना धरून ठेवतात आणि पीस सपाट पातं होतं. सिल्कीत ते आकडेच नसतात, म्हणून अंगावर पिसांऐवजी लोकर असल्यासारखं वाटतं. मार्को पोलोने तेराव्या शतकात चीनमधल्या मांजरासारख्या केसाळ कोंबड्यांबद्दल लिहिलं ते यांच्याच पूर्वजांविषयी असावं. अशा पिसावर रेघ कोरीव दिसत नाही, पसरते. दाजींचा पूर्वी टॉवेलचा कारखाना होता. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, “सर, चादरीवर मोर काढला तर चोच दिसते. तोच मोर टॉवेलवर काढा, चोच फुगते.”

म्हणून आम्ही एक सवय लावून घेतली. पाठीवरचं एक पीस हलकेच उपटायचं, पांढऱ्या कागदावर ठेवायचं, ओल्या बोटाने तंतू कडेकडे सारखे करायचे आणि मग रेघा मोजायच्या. अंगावर धूसर दिसणारी कोंबडी कागदावर तीन स्वच्छ रेघा दाखवते, आणि लांबून सुंदर दिसणारी नुसते ठिपके.

पहिला हंगाम

जागा जुळे सोलापुरात, घरामागची. कडुनिंबाखाली तीन खुराडी, वर पत्रा, त्यावर जुन्या चादरी. नोंदी ताईकडे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर जिथे दुधाचा हिशोब असतो तिथेच एका कोपऱ्यात ‘ग’ आणि ‘प’ अशी अक्षरं. गडद कोंबडीने अंडं दिलं की ‘ग’, पिवळटने दिलं की ‘प’. अंड्यावरही पेन्सिलीने तेच अक्षर. हे तिने कुणी न सांगता सुरू केलं. दाजी तेव्हा हसले होते. पुढे सगळा उलगडा झाला तो याच दोन अक्षरांवर.

सिल्की कोंबडी खुडूक होण्यात पटाईत. दहा-बारा अंडी दिली की बसलीच. त्यामुळे रवण घालायला अडचण नव्हती, उलट ती उठेना हीच अडचण. काही अंडी शेजारच्या गावठी कोंबडीखाली ठेवली, काही छोट्या इन्क्यूबेटरमध्ये. पंख्याचं यंत्र, ३७.५ अंश, अठराव्या दिवसापर्यंत मध्यम ओलावा, मग वाढवलेला. एकदा रात्री चार तास लाइट गेली तेव्हा दाजी यंत्रावर सोलापुरी चादर टाकून शेजारी बसून राहिले.

मार्च २०२३पर्यंतचा हिशोब असा. ‘ग’ची बारा पिलं जगली, त्यात सात तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि पाच कोंबडे. ‘प’ची तेरा, त्यात सहा तलंगा. सिल्कीत नर-मादी लवकर कळत नाही, चार-पाच महिने थांबावं लागतं. पार्ट्रिजमध्ये थोडी सूट मिळते, कारण नराच्या छातीवर काळे डाग आणि पंखावर तांबडा रंग आधी उमटतो.

‘प’च्या सहा तलंगांपैकी पाचांच्या छातीवर विटकरी रंग. सहावी सगळी तपकिरी, पण अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके, रेघ नाही. एकही कामाची नाही.

‘ग’च्या सातांपैकी दोन देखण्या निघाल्या. दोघींच्या रेघा तुटक, मध्येच सोडून दिलेल्या. आणि तिघींच्या गळ्याखाली पुन्हा तीच विटकरी झाक, कमी-जास्त.

दाजींचा निकाल झटक्यात लागला: पिवळट कोंबडीच खोटी, ती काढा. ती एका ओळखीच्यांकडे अंड्यांसाठी गेली. मलाही पटलं होतं.

याच हंगामात आम्ही दुसरी चूक केली. कोंबड्याची शेंडी जरा बसकी होती. कुणीतरी सांगितलं, पांढरी सिल्की भरपूर शेंडीची असते, ती लावा. पांढरी कोंबडी आणली, नऊ पिलं निघाली आणि नऊच्या नऊ काळी. दाजी दोन दिवस शेजारपाजारच्या कोंबड्यांवर संशय घेत फिरले. काळा कोंबडा आजूबाजूला नव्हताच.

दोन जनुकं, दोन शब्द

पांढऱ्याचं कोडं आधी सुटलं, कारण ते पुस्तकातलं आहे. सिल्कीचा पांढरा हा बहुधा अप्रभावी पांढरा असतो. पिसात रंग तयारच होऊ द्यायचा नाही एवढंच त्याचं काम. त्याच्याखाली कोणती जमीन आहे हे बाहेरून कळत नाही. भिंतीला चुना लावला की आतली भिंत विटांची की मातीची हे कसं कळणार? आमच्या पांढरीच्या चुन्याखाली काळी जमीन होती, आणि काळा हा सगळ्यांवर मात करणारा. पिलांना बापाकडून रंग तयार करण्याची परवानगी मिळाली आणि आईकडून काळा.

‘जमीन’ हा शब्द दाजींचाच. कापडाची जमीन वेगळी आणि तिच्यावरची नक्षी वेगळी, हे त्यांना तीस वर्षं माहीत. मग मी त्यांच्याच शब्दांत मांडलं. पार्ट्रिज मादीला दोन गोष्टी लागतात. एक, तपकिरी जमीन, जिला अभ्यासक ई-बी म्हणतात. दोन, नक्षीचा जनुक, पीजी. दोन्ही दुहेरी हव्यात, म्हणजे आईकडूनही आणि बापाकडूनही. नक्षी एकेरी असेल तर रेघा तुटतात. जमिनीच्या जागी एका बाजूने जरी रानटी जमीन आली, म्हणजे ई-प्लस, तर लाल रानकोंबडीच्या मादीसारखी छाती विटकरी होते. रानटी जमीन तपकिरीवर चढते, लपून राहत नाही. निदान मादीत तरी नाही.

हे वाक्य बोलून झालं आणि मीच थांबलो.

‘ग’च्या छातीवर विटकरी झाक नव्हती. रेघा कागदावर स्वच्छ. म्हणजे तिच्याकडे द्यायला रानटी जमीन नव्हतीच. तरी तिच्या सातांपैकी तीन लेकींवर ती आली. आईकडे नाही ते लेकीकडे आलं, तर उरलं कोण?

ताईने कॅलेंडर उलटं-सुलटं केलं, अंड्यावरची अक्षरं चुकली नव्हती ना ते पाहिलं. चुकली नव्हती. सगळ्यांनी खिडकीतून कोंबड्याकडे बघितलं. तो नेहमीप्रमाणे देखणा दिसत होता.

रानटी जमिनीचा नर आणि तपकिरी जमिनीचा नर दोघेही मानेने तांबडे, छातीने काळे. बाहेरून फरक सांगणं जवळपास अशक्य. नक्षीचंही तेच. छाती मुळातच काळी, तिथे रेघ दाखवायला जागाच नाही. आमचा कोंबडा जमिनीतही एकेरी होता, नक्षीतही एकेरी. ‘ग’सारख्या चोख कोंबडीशी लावूनसुद्धा चारातली एकच लेक चोख मिळणार. आम्हाला सातांत दोन मिळाल्या, म्हणजे नशिबाने हिशोबापेक्षा किंचित जास्तच दिलं. आणि पिवळट कोंबडीवर एकटीवर खापर फुटलं होतं. दोष तिचाही होता, पण अर्धा.

“खाण तशी माती म्हणतात,” ताई म्हणाली, “म्हणजे आईलाच धरतात बघ.”

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. मे २०२३मध्ये एका दुपारी चार पिलं गेली. कूलर लावला तर खालची गादी ओली होऊन पायांच्या पिसांना चिखलाचे गोळे लागले. शेवटी गोणपाटाचे ओले पडदे फक्त पश्चिमेला, पाण्यात बर्फ, आणि दुपारी बारा ते चार खाद्य बंद, एवढ्यावर आलो. उन्हात कोंबड्याची फलनक्षमताही घटते. साठवलेली अंडी तर आधीच अर्धवट उबायला लागतात. त्यांना १५ ते १८ अंश लागतात आणि आमच्या घरात फ्रिजच्या बाहेर तेवढा गारवा कुठेच नव्हता. माठाभोवती ओली वाळू भरून त्यात अंडी ठेवायचा प्रयोग बरा चालला, पण आठवड्याच्या पुढे नको.

तेव्हापासून नियम: जोडी दसऱ्याला लावायची, शेवटची रवण गड्ड्याच्या जत्रेपर्यंत. जानेवारीतलं पिलू उन्हाळ्याला निदान पिसांत तरी असतं.

कोंबड्याची परीक्षा

मग नवा कोंबडा कुठून आणायचा? बाहेरून आणला तरी तोही बाहेरून तसाच दिसणार. घरातच पाच होते, ‘ग’चे लेक. प्रत्येकाला आईकडून एक चोख जमीन आणि एक नक्षी मिळालेलीच. बापाकडून जमीन चोख मिळण्याची शक्यता अर्धी, नक्षी मिळण्याचीही अर्धी, दोन्ही मिळण्याची पाव. पाचांपैकी निदान एक तरी चोख असण्याची शक्यता सुमारे ७६ टक्के. खुराडी मात्र तीनच, म्हणजे तीन कोंबडे आणि शक्यता ५८ टक्के. दाजी म्हणाले, लग्नं याहून कमी शक्यतेवर होतात.

कोणते तीन, हे दिसण्यावर निवडायचं नाही असं मी सांगितलं. दाजींनी ऐकलं नाही आणि सगळ्यात देखणा पहिला घेतला. राहिलेले दोन चिठ्ठी टाकून.

परीक्षेची रीत साधी आणि कंटाळवाणी. चोख मादीशी लावायचं आणि लेकी मोजायच्या. आमच्याकडे चोख माद्या तीन: ‘ग’ आणि तिच्या दोन देखण्या लेकी. एकेका खुराड्यात एकेक जोडी. जवळच्या नात्यातली जोडी आहे हे मान्य, पण ही परीक्षा होती, संसार नव्हे. एक काळजी मात्र घेतली. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून तिघींना महिनाभर नराशिवाय ठेवलं. त्या महिन्याची अंडी खाल्ली.

लेकी किती लागतात? कोंबडा जमिनीत एकेरी असेल तर प्रत्येक लेकीवर विटकरी रंग उमटण्याची शक्यता अर्धी. म्हणजे तो दोषी असूनही पाच लेकींवरून सुटून जाण्याची शक्यता बत्तिसात एक, आठांवरून दोनशे छप्पनात एक. आम्ही आठ ठरवल्या. निम्मे नर निघणार, म्हणजे प्रत्येकाची सोळा-सतरा पिलं वाढवावी लागणार. तीन कोंबड्यांची पन्नास. खाद्याची पोती बघून ताईने कालनिर्णयवर नवं अक्षर सुरू केलं, ‘ख’, खर्चाचा.

पिलांना ओळख कशी द्यायची? सिल्कीच्या पायात कडं घातलं तर पायाच्या पिसांत हरवतं. आम्ही तीन रंगांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरल्या, दर दोन-तीन आठवड्यांनी सैल करून. एकदा विसरलो तर एका पिलाच्या पायात रुतली. अंडी फुटायच्या आधी तीन वेगळ्या खोक्यांत नेणं हे त्याहून महत्त्वाचं, कारण फुटल्यावर पंचवीस ओली पिलं कुणाची हे ब्रह्मदेवही सांगणार नाही.

लवीवरून आधीच कळतं असं बरेच जण सांगतात: रानटी जमिनीच्या पिलाच्या डोक्यावर आणि पाठीवर खारीसारखे स्वच्छ पट्टे, तपकिरीच्या पिलाचे पट्टे विस्कटलेले. ढोबळ मानाने ते खरं आहे. आमच्याकडे दहातल्या सात-आठांना लागू पडलं. पण लवीवरून पिलू काढून टाकायला मी तयार नव्हतो.

बाकी देखभाल थोडक्यात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यातून थेंबाने. सिल्कीची डोक्याची कवटी पुष्कळदा वरून पूर्ण मिटलेली नसते, शेंडीखाली मऊ लागतं, म्हणून मोठ्या गावठी पिलांबरोबर एकत्र सोडायचं नाही. एक टोच पुरते.

मे-जून २०२४मध्ये निकाल दिसायला लागले. पहिला, देखणा: तिसऱ्याच लेकीची छाती विटकरी. इथे मोजणी थांबली. एक डागाळलेली लेक बापाला दोषी ठरवायला पुरते. स्वच्छ लेकी मात्र कितीही झाल्या तरी संशय फक्त कमी करतात, संपवत नाहीत. बारावीच्या मुलांना हे सांगायला मला इतकं बरं उदाहरण आजवर मिळालं नव्हतं.

दुसरा: आठ लेकी, विटकरी एकही नाही, पण कागदावर ठेवलेल्या पिसांत चारांच्या रेघा तुटक. जमीन चोख, नक्षी एकेरी.

तिसरा, अंगाने सगळ्यात मळकट. मानेवरचा तांबडा रंग फिका, तुरा थोडा एका बाजूला. नऊ लेकी. विटकरी शून्य. रेघा नऊही जणींवर, दोघींच्या जाडसर. जमिनीत एकेरी असून नऊवेळा सुटण्याची शक्यता पाचशे बारात एक. दाजींनी त्याला आणखी तीन दिवस बघून घेतलं आणि म्हणाले, “असू दे सर. माग जुना असला तरी कापड नीट येतंय.”

काळ्या बहिणी

आता चोख रेषा मिळाली, पण सगळी एका ‘ग’च्या रक्ताची. अशीच पुढे नेली तर अंडी रिकामी जायला लागतात. नवं रक्त घरात होतंच, पांढरीची काळी पिलं, ज्यांना आम्ही चूक म्हणून एका कोपऱ्यात ठेवलं होतं.

त्यांत एक गोष्ट मजेची होती. वाढल्यावर काळ्या नरांच्या मानेवर फिकट पिवळसर-रुपेरी पिसं आली आणि काळ्या तलंगांच्या मानेवर तांबूस. म्हणजे पांढरीच्या चुन्याखाली रुपेरी रंगही दडलेला होता. रुपेरी-सोनेरीचा जनुक लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतो, आणि कोंबडीत मादीला तिचं ते एकमेव झेड गुणसूत्र बापाकडून मिळतं. आईचा रुपेरी फक्त मुलांकडे जातो, लेकींकडे जाऊच शकत नाही. आमचं काम सोपं झालं: काळे नर बाजारात, काळ्या तलंगा घरात, आणि रुपेरी एका पिढीत हद्दपार. शेंडी मात्र दोघींची पांढरीवर गेलेली, डोळे झाकणारी.

काळ्याखाली बापाची कोणती जमीन आहे, चोख की रानटी, हे कळत नव्हतं. पण आता हातात परीक्षा पास झालेला कोंबडा होता. त्याच्याशी लावल्यावर निम्मी पिलं काळी येणार, आणि उरलेली निम्मी आईचं पोट उघडं करणार. २०२४च्या दिवाळीनंतर पहिल्या काळीच्या बिगरकाळ्या चार तलंगांपैकी चारींच्या छातीवर विटकरी रंग आला. दुसरीच्या पाच बिगरकाळ्या तलंगा सगळ्या तपकिरी. तीन तुटक रेघांच्या, दोन बऱ्या. त्या दोघी आता नव्या खुराड्यात आहेत, शेंडी आजीची.

या काळात एका गृहस्थांनी कडकनाथ लावून बघा असं सुचवलं, कातडी तर दोघांचीही काळी. काळ्या कातडीचा जनुक खरंच एकच आहे. पण कडकनाथाचं पीस साधं, पाय उघडे, बोटं चार, तुरा एकेरी. पहिल्या पिढीत साधं पीस सिल्कीवर मात करणार, म्हणजे लोकर गेली. दाजींनी हात जोडले. कोंबडी कापायला मागायला येणाऱ्यांना मात्र ते अजून दर आठवड्याला सांगतात की हा कडकनाथ नाही.

मूळ देखणा कोंबडा यंदाच्या फेब्रुवारीपर्यंत होता. अक्कलकोटकडचे एक जण घरच्या कार्यक्रमाला आले आणि फाटकातूनच त्याच्यावर भाळले. दाजींनी त्यांना सगळं सांगितलं, ताईचं कॅलेंडरसुद्धा काढून दाखवलं: शोभेला न्या, जोडीला नको. त्यांनी मान डोलावली, पैसे दिले, टोपलीत कोंबडा घातला आणि गाडी सुरू करता करता विचारलं, “याच्यासारखीच एखादी कोंबडी पण असेल का हो, दाजी?”